आत्याचा निराधारचा पगार: बंद ते चालू

घरातल्या कुणाला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येत होते आणि ते अचानक थांबलेत, अशा लोकांसाठी हे लिहितेय. माझ्या आत्याचे पैसे जानेवारी २०२५ पासून थांबले, ते ऑगस्टमध्ये परत सुरू झाले. मी वकील नाही, सरकारी नोकरीतही नाही. पुण्यात एका ऑफिसात हिशेब बघते. गाव मराठवाड्यात आहे. तालुक्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण तिथल्या टेबलाशी आमचं अजून काम आहे.

आधी आत्याविषयी थोडं. आधारवर जन्मसाल १९६४. लग्नानंतर तीन-चार वर्षांत नवऱ्याने माहेरी आणून सोडलं आणि पुढे दुसरं लग्न केलं. सोडचिठ्ठी नाही, पोटगी नाही, कोर्टाचा कागद नाही. तेव्हापासून ती काकाच्या घराच्या मागच्या खोलीत राहते. चूल वेगळी, पण उंबरा एकच. झेपेल तोवर खुरपणी-वेचणीला गेली, आता गुडघे साथ देत नाहीत. गावातल्या एका कार्यकर्त्याने परित्यक्ता म्हणून तिचं प्रकरण करून दिलं होतं. सुरुवातीला महिन्याला ६०० रुपये यायचे, २०१९ मध्ये १,००० झाले, २०२३ मध्ये १,५००. गावात याला पगारच म्हणतात. 'पगार झाला का गं?' असं बायका एकमेकींना विचारतात, आणि आत्याचा औषधाचा, चहा-साखरेचा, देवळाच्या वर्गणीचा सगळा हिशेब त्या पगारावर चालतो.

पूर्वी तहसीलमधून लाभार्थ्यांची यादी आणि रक्कम बँकेत जायची आणि बँक खात्यांवर टाकायची. आत्याचं खातं तालुक्याच्या एका सहकारी बँकेत होतं. डिसेंबर २०२४ पासून ही पद्धत बदलली आणि पैसे डीबीटीने, म्हणजे आधारला जोडलेल्या खात्यात परस्पर जायला लागले. त्यासाठी सगळ्यांचे आधार पोर्टलवर चढवून तपासायचे होते, आणि त्याच धांदलीत आमच्या तालुक्यात जुन्या फायलींचीही फेरतपासणी काढली गेली. गावातल्या बऱ्याच जणांचे पैसे एकदम थांबले ते तेव्हाच.

आत्याने हे मला लगेच सांगितलं नाही. संक्रांतीला फोनवर बोलणं झालं तेव्हा 'सगळं बरंय' म्हणाली. फेब्रुवारीत काकूकडून कळलं की ती बीपीची गोळी एक दिवसाआड घेतेय. मी चिडले, तर म्हणाली, "तुला कशाला तरास द्यायचा बाई, सगळ्यांचंच बंद झालंय. यील की."

गावात तोवर कारणांचं पीक आलं होतं. सरकारकडे पैसेच नाहीत, असं एकाचं म्हणणं. निवडणूक झाली, आता कोण देतंय, असं दुसऱ्याचं. सगळ्यात जास्त चाललेलं कारण म्हणजे 'लाडकी बहीणचा फॉर्म भरला म्हणून निराधार कापलं'. आत्या या शेवटच्याला घाबरली होती, कारण ऑगस्ट २०२४ मध्ये गावातल्या शिबिरात एका पोराने तिचाही फॉर्म भरला होता. तो अर्ज बाद झाला होता. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळत असतील तर लाडकी बहीणचे मिळत नाहीत, एवढाच तो नियम. त्यामुळे ती भीती मनातून काढून टाकली. पण त्या शिबिराचा या प्रकरणाशी संबंध होताच, तो पुढे सांगते.

तहसीलला शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे नोकरी करणाऱ्याला रजा टाकणं आलंच. मी सोमवारी गेले आणि पस्तावले, कारण सोमवारी अख्खा तालुका तिथे असतो. बुधवार-गुरुवार बरे. संजय गांधीचं टेबल वेगळं असतं, दारावर 'संगांयो' अशी पाटी असते. बाहेर व्हरांड्यात म्हाताऱ्या बाया पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या. जिची पाळी येई ती अख्खी पिशवी टेबलावर पालथी करायची: रेशनकार्ड, आधार, मतदान कार्ड, जुनी पासबुकं, मेलेल्या नवऱ्याचा फोटोसुद्धा. कारकून त्यातले दोन-तीन कागद काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "ठेवून जा, बघतो."

आम्ही काहीच काढलं नाही. मी विचारलं, "साहेब, यांच्या नावापुढे शेरा काय आहे, तेवढं सांगता का?" या एका प्रश्नाने पुढचं सगळं सोपं झालं असं माझं मत आहे. त्या माणसाने नाव शोधलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन गोष्टी होत्या. एक, आधार प्रमाणीकरण अपूर्ण. दुसरी, फेरतपासणीत उत्पन्नाचा दाखला आणि तलाठ्याचा चौकशी अहवाल प्रलंबित. मी ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले. 'कागद कमी आहेत' हे उत्तर ऐकून परत येऊ नका. कोणता कागद, कुणाच्या सहीचा, ते विचारा. बाहेर एका दुकानदाराने "दोन हजार द्या, महिन्यात चालू करून देतो" असं सांगितलं होतं. शेरा कळल्यावर लक्षात आलं की त्यानेही हेच दोन कागद काढून आणले असते.

उत्पन्नाचा दाखला म्हणजे या सगळ्यातलं खरं दुखणं. योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये. दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. २१,००० म्हणजे किती, तर २०२५-२६ ला आपल्याकडे रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. वर्षात ६८ दिवस काम केलं की माणूस निराधार राहत नाही. हा हिशेब मी एसटीत बसून केला आणि दोनदा तपासला. त्यामुळे खेड्यात २१,००० चा दाखला कसा मिळतो आणि कुणाला मिळत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आमच्या बाबतीत अडचण निराळी होती. आत्याचं नाव काकाच्या केशरी कार्डावर. तलाठी साहेबांनी कार्ड बघितलं आणि म्हणाले, "कुटुंब एक, शेती भावाच्या नावावर, दुकान आहे. एकवीस हजार लिहू कसे?" त्यांचंही चूक नव्हतं. कागदावर ती भावाच्या कुटुंबात होती आणि भाऊ तिला सांभाळतो असाच त्याचा अर्थ निघत होता. एकाच घरात राहूनही ती वेगळी आहे हे दाखवायचं तर आधी रेशनकार्ड विभक्त करणं भाग होतं.

इथे घरात वादंग झालं. काकाला वाटलं, आपलं धान्य कमी होईल. काकूचं म्हणणं, "लोकं म्हणतील, म्हातारपणी नणंदेला वेगळं काढलं." आत्या तर रडायलाच लागली. तिच्या मनाने कार्डावरून नाव कमी होणं म्हणजे माहेरातून नाव कमी होणं. "एकदा तिकडनं नाव गेलं, आता हितनंबी?" असं ती म्हणाली, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी काकाच म्हणाला, "कागद वेगळा होऊ दे. ताट कोण वेगळं करतंय." दुसऱ्या दिवशी त्यानेच पुरवठा शाखेत अर्ज दिला. नाव कमी करायचा एक अर्ज, नव्या कार्डाचा दुसरा, दोघांचे आधार, राहत्या जागेचा ग्रामपंचायतीचा दाखला. महिना-दीड महिना लागला.

हे होईपर्यंत मार्च संपत आला होता. सेतूतल्या मुलीने फार मोलाचं सांगितलं: "ताई, आत्ता दाखला काढू नका, ३१ मार्चला संपेल. एप्रिलमध्ये काढा, पुढच्या मार्चपर्यंत चालेल." एका वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाच्या शेवटापर्यंतच वैध असतो, हे त्यावरच छापलेलं असतं आणि कुणीही वाचत नाही. आम्ही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज केला. लोकसेवा हक्क कायद्यात या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. आम्हाला थोडे जास्त लागले, पण मिळाला. पावतीवरची रक्कम सत्तर रुपयांच्या आत होती. पावती मागा, मग आकडा वाढत नाही. आणि तहसीलच्या गेटवर कुणी पाचशेचा स्टॅम्प घ्यायला सांगितलं तर सरळ पुढे जा. या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. त्या स्टॅम्पवाल्याने मला ऐकवलं, "फेटाळलं तर माझ्याकडं येऊ नका." फेटाळलं नाही.

चौकशी अहवाल मे महिन्यात झाला. तलाठी आणि कोतवाल दुपारी घरी आले. मी त्या दिवशी गावातच होते. काकूने चहा ठेवला, शेजारचे दोघे पंच म्हणून बसले. ते दोघेही आत्याला लहानपणापासून ओळखणारे. एकाने तर तिच्या लग्नात वाढपी म्हणून काम केलेलं. प्रश्न छापील होते. नवरा हयात आहे का? कुठे राहतो? शेवटचं कधी भेटला? पैसे देतो का? मुलं? आत्या भिंतीला टेकून बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. प्रत्येक उत्तर तिने खाली बघत दिलं. 'शेवटचं कधी भेटला' याला मात्र मान वर करून म्हणाली, "भेटला नाही. एकदा बाजारात दिसला. इंदिराबाई मेल्या त्याच्या आधी." कोतवाल हसला, मग गप्प झाला. तलाठी साहेबांनी लिहिलं: 'सुमारे ४० वर्षांपासून विभक्त.' पंचांच्या सह्या झाल्या, आत्याचा अंगठा झाला. ते गेल्यावर ती बराच वेळ तिथेच बसून होती. नंतर म्हणाली, "सगळ्या गल्लीला ठावं हाय, पण कागदावर परत परत सांगावं लागतंय."

ज्यांच्या घरी अशी चौकशी व्हायची आहे त्यांना एक सांगते. पंच कोण असणार ते आधी ठरवून ठेवा, आणि बाईला ज्यांच्यासमोर बोलायला संकोच वाटणार नाही अशीच माणसं बसवा. आम्ही ज्यांना बसवलं ते सज्जन होते, पण दोघेही पुरुष. एखादी बाई असती तर आत्याला सोपं गेलं असतं.

आता आधार. इथे दोन भानगडी होत्या. आधारवर आत्याचं नाव नवऱ्याच्या नाव-आडनावासह, तर बँकेत आणि मंजूर यादीत वडिलांच्या नावाने, माहेरच्या आडनावासह. पोर्टल दोन नावं जुळवून बघतं आणि जुळत नाहीत. मला आधी वाटलं आधार बदलून घ्यावं. केंद्रावरच्या माणसाने समजावलं की आधारवरचं नाव बदलायला भक्कम पुरावा लागतो आणि ते आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यापेक्षा तहसीलच्या यादीतलं नाव आधारप्रमाणे दुरुस्त करून घ्या. ते एका साध्या अर्जाने झालं. आत्याला ते आवडलं नाही हे उघड आहे. ज्याने सोडलं त्याच्याच नावावर पगार. पण व्यवहार तिला कळतो. "नाव त्याचं, पैसं माझं," म्हणाली.

दुसरी भानगड बोटांची. आयुष्यभर खुरपं धरलेल्या हाताचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. ऑपरेटरने ओल्या फडक्याने बोटं पुसली, क्रीम लावली, एकेक बोट दाबून बघितलं. मशीन लालच. आत्या प्रत्येक वेळी त्याच्या तोंडाकडे बघायची, परीक्षेत नापास झाल्यासारखं. शेवटी बुबुळांचं स्कॅन घेतलं आणि ठसेही नव्याने नोंदवले. बायोमेट्रिक अद्ययावत करायला तेव्हा १०० रुपये होते, ऑक्टोबर २०२५ पासून १२५ आहेत. सकाळी लवकर जा. दुपारी घामाने बोटं अजून त्रास देतात आणि लाइटही जाते.

सगळे कागद जूनच्या पहिल्या आठवड्यात दिले. देताना झेरॉक्सचा दुसरा संच नेला, त्यावर आवक शिक्का आणि क्रमांक घेतला. कारकुनाने कुरकुर केली, "एवढं काय, आम्ही खातो का कागद," पण शिक्का दिला. हा शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. टेबलावरची माणसं बदलतात. आमच्या वेळी ती जुलैत बदलली, आणि नव्या बाईंना आमची फाइल आवक क्रमांकावरूनच सापडली.

त्यानंतर नुसतं थांबणं. पाऊस, पेरण्या, आषाढी. फोन केला की 'प्रक्रियेत आहे'. जुलैच्या मध्यावर मी माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून साधा अर्ज: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, ती दिनांकासह द्यावी. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही दहा रुपये लागत नाहीत. भांडणाची भाषा वापरली नाही, जिल्हाधिकाऱ्यांना प्रत टाकली नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. त्याआधीच नव्या बाईंचा फोन आला की प्रमाणीकरण झालंय, पुढच्या यादीत नाव आहे. अर्जामुळे हललं की तसंही हलणार होतं, देव जाणे. पण बोलताना त्या बऱ्या बोलल्या आणि नंतरही प्रत्येक फोन उचलला. एका टेबलावर सगळ्या तालुक्याच्या फायली. मी त्यांच्या जागी असते तर मीही कुरकुर केली असती.

ऑगस्टमध्ये बाई म्हणाल्या, पैसे पडले. बँकेत गेलो, पासबुक भरून घेतलं, तर एक रुपया नाही. आत्या तिथल्या बाकड्यावर बसून म्हणाली, "राहू दे आता, नशिबात नाही." मला मात्र तेव्हा ते शिबिर आठवलं. डीबीटीचे पैसे आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलं गेलंय तिथे जातात. हे आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं, मोबाइलवर ओटीपी आला पाहिजे एवढंच. बघितलं तर तिथे पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं नाव. लाडकी बहीणच्या फॉर्मसोबत त्या पोराने सगळ्या बायांची पोस्टात खाती उघडून आधार जोडलं होतं. आत्याकडे त्याचं क्यूआर कोडचं कार्डही होतं, देवाच्या फोटोमागे. तिला ते लाडकी बहीणचं ओळखपत्र वाटत होतं.

पोस्टमन दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन दारात आला. नव्याने नोंदवलेला अंगठा दुसऱ्या फटक्यात लागला. खात्यात ६,००० रुपये होते. आत्याने त्यातले दोनच हजार काढले, बाकी 'असू दे' म्हणाली. आधार परत जुन्या बँकेशी जोडायचा माझा विचार होता. तिनेच नको म्हटलं. तालुक्याला जायला रिक्षाचे ऐंशी रुपये आणि दिवस मोडतो, पोस्टमन दारात येतो. बरोबर आहे तिचं.

एकूण खर्च म्हणाल तर सरकारी फी सगळी मिळून काही शेकड्यांत. झेरॉक्स, रिक्षा, माझं एसटीचं भाडं आणि बिनपगारी रजा धरली तर दुकानदाराचे दोन हजार केव्हाच मागे पडले. तरी त्याच्याकडे न गेल्याचं बरं वाटतं, कारण आता प्रत्येक कागद कुठून आला हे आत्याला माहीत आहे आणि शेजारच्या दोघींना तीच घेऊन गेली.

हयातीची पडताळणी आता ॲपवर, चेहरा दाखवून होते. ग्रामपंचायतीत ऑपरेटर बसला होता तेव्हा करून घेतली. डोळे मिचकवायला सांगतात, तर आत्याने ते इतक्या जोरात मिटले की दोनदा परत करावं लागलं. उजेडात उभं करा आणि चष्मा काढून ठेवा. दिव्यांग लाभार्थ्यांचे ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झालेत. घरात तसं कुणी असेल तर वाढीव रक्कम पडतेय का ते बघा. आत्याला ६५ पूर्ण झाली की ती श्रावणबाळमध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या योजनेत जाईल, तेव्हा परत वयाचा पुरावा लागेल, म्हणून शाळेचा दाखला शोधून ठेवलाय.

मधल्या तीन महिन्यांची थकबाकी अजून यायची आहे. त्याचा वेगळा अर्ज दिलाय, आवक क्रमांक वहीत आहे, उत्तर 'निधी आला की' एवढंच. काका गुरुवारी बाजाराला जाणार आहे, तेव्हा टेबलावर विचारून येईल. त्यालाही शेरा विचारायला सांगितलंय.